औषधांची ॲलर्जी आणि लस : त्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

गुळवेल (धागाकर्ता)

लस घेण्याआधी जो अर्ज भरून घेतात त्यात एक रकाना हमखास असतो : 'कोणत्याही औषधाची ॲलर्जी आहे का?' बहुतेक जण तिथे 'होय' लिहून थांबतात. फार तर 'पेनिसिलिन' किंवा 'सल्फा' असा एक शब्द लिहितात. तो वाचून समोरचा बिचकतो, लस पुढच्या वेळेवर जाते आणि ती पुढची वेळ पुष्कळदा येतच नाही. ज्यांनी खरोखर थांबून विचारायला हवं त्यांचा घटक (जिलेटिन, अनेक औषधांत सहघटक म्हणून असणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, लॅटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर) मात्र अर्जात नावानिशी विचारलेलाच नसतो.

माझं म्हणणं असं की औषधाची ॲलर्जी आणि लस यांची गाठ फक्त एकाच ठिकाणी पडते. औषधातला जो घटक बाधला तोच लसीतही असला पाहिजे. नुसत्या 'ॲलर्जी आहे' या शब्दांना काही अर्थ नाही.

तीन गोष्टींवर माहिती हवी आहे. कोणत्या औषधांच्या ॲलर्जीचा लसीशी काही संबंध नाही? कोणत्या घटकापाशी थांबायचं? आणि रकान्यात काय लिहायचं? आपबिती नको, तपशील द्या.

मात्रा

चांगला विषय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि सल्फा गटातली प्रतिजैविकं कुठल्याही प्रचलित लसीत नसतात. यांची कितीही तीव्र ॲलर्जी असली तरी तेवढ्या कारणाने लस थांबवायची नसते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचंही तसंच.

आणखी एक. ज्यांच्या नोंदीत 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का असतो त्यांची नीट तपासणी केली तर दहांतल्या नऊ जणांना ती नसल्याचं दिसतं. लहानपणी विषाणूच्या तापात पुरळ आलं, तेव्हा योगायोगाने अमॉक्सिसिलिन चालू होतं, आणि शिक्का बसला तो जन्मभर. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही सुमारे ८० टक्के लोकांची ती १० वर्षांत ओसरते. तो शिक्का तपासून घ्यायलाच हवा, पण लसीसाठी त्या तपासणीची वाट पाहण्याचं काही कारण नाही.

पिंपळपान

सल्फाबद्दल एक पुरवणी. घटकांच्या यादीत 'निओमायसिन सल्फेट' किंवा 'ॲल्युमिनियम सल्फेट' असं दिसलं की सल्फावाले घाबरतात. सल्फेट हा साधा क्षार आहे. सल्फा प्रतिजैविकांशी त्याचं नात्यागोत्याचंही काही नाही. औषधं टिकवायला वापरतात ते सल्फाइट म्हणजे आणखी तिसरीच चीज.

कोरा_कागद

मात्रा यांच्याशी सहमत, पण 'प्रतिजैविकं लसीत नसतात' असा अर्थ कुणी काढू नये. लस बनवताना पेशींच्या द्रावणात जंतू वाढू नयेत म्हणून काही प्रतिजैविकं वापरतात आणि त्यांचा अंश शेवटपर्यंत उरतो. निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी, स्ट्रेप्टोमायसिन आणि काही फ्लूच्या लसींत जेंटामायसिन किंवा कॅनामायसिन. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एका प्रचलित लसीत दर डोसला निओमायसिन साधारण २५ मायक्रोग्रॅम असतं. पोलिओच्या टोचण्याच्या एका लसीत तर ते नॅनोग्रॅमच्या घरात.

आता फरक ओळखा. निओमायसिनचं मलम लावल्यावर दोन दिवसांनी त्या जागी खाज आणि लाली येते ती उशिरा येणारी त्वचेची प्रतिक्रिया. ती असेल तर लस चालते, फार तर टोचल्या जागी छोटीशी खाजरी गाठ येते. निओमायसिनमुळे अंगभर गांधी उठून दम लागला असेल, रक्तदाब उतरला असेल, तर मात्र त्या घटकाची लस ॲलर्जीतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

गुळवेल

म्हणजे औषधाचं नाव कळून भागत नाही. प्रतिक्रिया किती वेळाने आली आणि काय झालं हेही लागतं. हा मुद्दा मोठा आहे.

कोरा_कागद

बरोबर, सगळं त्यावरच ठरतं. काही मिनिटांपासून चार तासांच्या आत पित्त उठणं, ओठ-डोळे सुजणं, घरघर, उलट्या, भोवळ ही तातडीची प्रतिक्रिया. एक-दोन दिवसांनी नुसतं पुरळ आलं तर तो उशिराचा प्रकार. तिसराही एक गट आहे. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप येऊन कातडी सोलणं, तोंडात-डोळ्यांत फोड, यकृताला सूज. त्यांच्या बाबतीत त्याच घटकाची 'थोडं देऊन पाहू' अशी चाचणी कधीच करायची नाही. मात्र तो घटक लसीत नसेल तर त्यांनाही लस घेता येते.

चकोर

अंडं अजून कसं आलं नाही? सगळ्यात जास्त लसी त्याच्या नावावर नाकारल्या गेल्या आहेत.

गोवर-गालगुंड-रुबेलाची लस कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींवर वाढवतात, प्रत्यक्ष अंड्यात नव्हे. अंड्याचं प्रथिन तिच्यात नगण्य. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांनाही ती नेहमीसारखीच देतात.

फ्लूच्या बऱ्याच लसी अंड्यात वाढवतात, पण एका डोसात ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन) साधारण १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असतं. प्रतिक्रिया घडवायला एवढं पुरत नाही हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून अंड्याच्या ॲलर्जीसाठी फ्लूच्या लसीआधी वेगळी खबरदारी लागत नाही असा सल्ला आता दिला जातो. पेशींवर वाढवलेल्या, अंडं अजिबात नसलेल्या फ्लूच्या लसीही मिळतात.

खरा अपवाद पीतज्वराची लस. ती अंड्यात वाढते आणि तिच्यात अंड्याचं प्रथिन जास्त असतं. अंडं खाऊन ज्यांना तीव्र त्रास होतो त्यांनी ती ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावी. आधी त्वचाचाचणी, ती होकारार्थी आली तर चढत्या मात्रा : दहापट पातळ केलेली ०.०५ मिली, मग पूर्ण ताकदीची ०.०५, ०.१०, ०.१५ आणि ०.२० मिली, प्रत्येकीच्या मध्ये १५ ते २० मिनिटं. प्रवासाच्या आदल्या दिवशी हे जमण्यासारखं नाही. महिनाभर आधी वेळ घ्या.

सदाफुली

अंड्याला दोष देऊन जे झाकलं जातं ते म्हणजे जिलेटिन, जनावरांच्या हाडा-कातडीपासून काढलेलं प्रथिन. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने तातडीची प्रतिक्रिया आली की लोक अंडं बंद करतात. दोषी पुष्कळदा जिलेटिन असतं. प्रमाणच बघा. अंड्याचं प्रथिन मायक्रोग्रॅममध्येही नाही आणि वर म्हटलेल्या त्याच लसीत जिलेटिन सुमारे १४.५ मिलिग्रॅम. जिवंत विषाणू कोरडा करून ठेवताना तो टिकावा म्हणून ते घालतात. कांजिण्यांच्या आणि पीतज्वराच्या काही लसींतही असतं.

जपानमध्ये १९९०च्या दशकात हेच घडलं. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीत जिलेटिन होतं. त्यातून काही मुलांचं शरीर जिलेटिनविरुद्ध तयार झालं आणि पुढे जिवंत विषाणूंच्या लसी दिल्यावर प्रतिक्रिया आल्या. जिलेटिन काढून टाकल्यावर त्या एकदम कमी झाल्या.

पालकांना विचारायचा प्रश्न : मऊ चघळायच्या गोळ्या, मार्शमेलो, जेली खाऊन मुलाच्या अंगावर कधी पित्त उठलं आहे का? उत्तर 'हो' असेल तर लस देण्याआधी जिलेटिनची तपासणी. आणि एकाच रोगाच्या दोन कंपन्यांच्या लसींपैकी एकीत जिलेटिन असतं, दुसरीत नसतं. प्रायोरिक्स या गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीत ते नाही.

रानवारा

सदाफुली, प्रतिसाद जपून ठेवला आहे. यात भर : गोचीड चावल्यानंतर काहींना गाय-डुक्कर-बकरी यांच्या मांसाची ॲलर्जी होते, खाल्ल्यावर तीन-चार तासांनी अंगावर गांधी उठतात. कारण असतं अल्फा-गॅल नावाची साखर. ती जिलेटिनमध्येही असू शकते. त्यांनीही जिलेटिन असलेल्या लसीआधी विचारावं.

धूमकेतू

आता पॉलिइथिलीन ग्लायकॉल. औषधांच्या डब्यावर हेच 'मॅक्रोगॉल' म्हणून येतं. गोंधळ तिथेच होतो.

८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये फायझरची कोविड लस द्यायला सुरुवात झाली. दोन आरोग्य कर्मचाऱ्यांना तीव्र प्रतिक्रिया आली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या औषध नियामकाने सांगितलं की तीव्र ॲलर्जीचा इतिहास असलेल्या कुणीही ही लस घेऊ नये. ३० डिसेंबरला हा सल्ला आवरता घेतला, फक्त त्या लसीतल्या घटकांची ॲलर्जी असलेल्यांपुरता. पण तीन आठवड्यांत जी भीती पसरली ती पुढे कितीतरी महिने टिकली. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलेही मागे हटले आणि त्यांचा तर काही संबंधच नव्हता.

मॅक्रोगॉलची खरी ॲलर्जी फार विरळ आहे. ती ओळखण्याची खूण सांगतो. एकमेकांशी काही नातं नसलेल्या औषधांनी तातडीची प्रतिक्रिया येते. आतडं साफ करायचं पोटाचं औषध, सांध्यात घ्यायचं, बरेच दिवस काम करणारं स्टेरॉइड इंजेक्शन, एखाद्या कंपनीची वेष्टनवाली गोळी, आणि त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी मात्र चालते. असं दिसलं की औषध सोडून त्याच्या सोबतच्या घटकांकडे बघायचं. पॉलिसॉर्बेट ८० हे मॅक्रोगॉलचं भावंड, ते अनेक लसींत असतं. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसरंही बाधू शकतं, पण प्रत्येक वेळी बाधतंच असं नाही. आधी पॉलिसॉर्बेटवाली लस काही न होता घेतली असेल तर ती माहिती सोन्यासारखी आहे, जरूर सांगा.

निळीशाई

घटक शोधायचे कुठे? लसीच्या डब्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं.

मात्रा

डब्यातल्या घडीच्या माहितीपत्रकात, किंवा कंपनीच्या आणि देशाच्या औषध नियामकाच्या संकेतस्थळावर. तीन जागा वाचा. एक, 'कुणाला देऊ नये'. दोन, घटकांची पूर्ण यादी. यात टिकवणारे, स्थिर ठेवणारे आणि ॲल्युमिनियमचे क्षार येतात. तीन, 'अवशेष', म्हणजे बनवताना वापरलेल्या आणि पूर्ण न निघालेल्या गोष्टी : प्रतिजैविकं, अंड्याचं प्रथिन, यीस्टचं प्रथिन (हिपॅटायटिस बी आणि काही एचपीव्ही लसींत), फॉर्मल्डिहाइड, दुधातल्या केसीनचे अंश. तिसरी जागा लोक वगळतात आणि आपल्याला हवं ते बहुतेक वेळा तिथेच असतं.

नुसतं 'हिपॅटायटिस बीची लस' एवढं पुरेसं नाही. कंपनीचं नाव आणि कुपी एका डोसची की अनेक डोसांची, हेही बघा. थायोमर्सल (लस टिकवणारा पाऱ्याचा संयुग) साधारणपणे अनेक डोसांच्या कुपीत असतं. आणि त्याची ॲलर्जी जवळजवळ नेहमी त्वचेची, उशिरा येणारी असते, लस थांबवण्याजोगी नव्हे.

पिंपळपान

कुपीबाहेरच्या गोष्टीही बघा! कुपीचं रबरी बूच किंवा भरून आलेल्या सिरिंजचं टोपण नैसर्गिक रबराचं असू शकतं, ते माहितीपत्रकात वेगळं लिहितात. लॅटेक्सने दम लागण्याइतका त्रास होणाऱ्यांना हे महत्त्वाचं. हातमोजे घातल्यावर नुसती खाज सुटत असेल तर लस चालते, फक्त टोचणाऱ्याने लॅटेक्सचे मोजे घालू नयेत.

दुसरी गोष्ट क्लोरहेक्सिडिन. कातडी पुसायच्या काही बोळ्यांत ते असतं आणि त्याची तीव्र ॲलर्जी काहींना असते. टोचल्यावर दोन मिनिटांत गांधी उठल्या की सगळे लसीला धरतात आणि बोळ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ही ॲलर्जी असेल तर 'नुसतं स्पिरिट वापरा' असं आधीच सांगा. चिकटपट्टीचीही तीच गत. ती नको असेल तर कापूस दाबून धरा.

अबोली

लसीचा आधी 'टेस्ट डोस' घ्यावा असं मला वाटतं. हातावर थोडी टोचून अर्धा तास थांबायचं. मनाची खात्री होते.

कोरा_कागद

अबोली, नम्रपणे असहमत. ज्याला लसीची किंवा तिच्या घटकाची तातडीची प्रतिक्रिया आलेली नाही त्याच्यासाठी याचा उपयोग नाही, तोटा मात्र आहे. कातडीत टोचलेली लस नुसत्या चुरचुरीनेही लाल होते. अशी खोटी होकारार्थी चाचणी आली की धडधाकट माणसाची लस कायमची बंद.

ज्याला खरंच आधी प्रतिक्रिया आली आहे त्याच्यासाठी पद्धत ठरलेली आहे. प्रथम त्वचेवर थेंब ठेवून टोचणी. ती नकारार्थी आली तर शंभरपट पातळ केलेली ०.०२ मिली कातडीच्या आत. सोबत हिस्टामिन आणि सलाइनची तुलना. दोन्ही नकारार्थी आल्या तर पूर्ण डोस, किंवा तोच भाग पाडून : आधी दहावा हिस्सा, अर्ध्या तासाने उरलेला. हे ॲलर्जीतज्ज्ञाने, ॲड्रिनॅलिन भरून ठेवून करायचं काम आहे. लसीकरणाच्या रांगेत करायचं नव्हे.

अबोली

खोट्या होकारार्थी चाचणीचा मुद्दा लक्षात आला नव्हता. मत बदललं. मग निदान आदल्या रात्री सेट्रिझिन घेऊन जावं का?

मात्रा

फक्त लसीसाठी म्हणून नको. अँटिहिस्टामिन खाज आणि गांधी कमी करतं, पण घसा सुजणं किंवा रक्तदाब उतरणं थांबवत नाही. उलट पहिली खूण, म्हणजे अंगावरचं पित्त, झाकली जाते आणि उपचाराला उशीर होतो. रोजच चालू असेल तर लसीसाठी बंद करू नका. त्वचाचाचणी करायची असेल तेव्हा मात्र साधारण आठवडाभर आधी, डॉक्टरांना विचारून थांबवावं लागतं.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर ते सांगा. त्याने ॲड्रिनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. स्वतःहून बंद मात्र करू नका.

रानवारा

लस घेतल्यावर भोवळ येणारे खूप असतात आणि त्यातले बरेचसे 'ॲलर्जी' म्हणून नोंदले जातात. फरक सांगतो.

भीतीची भोवळ : टोचतानाच किंवा लगेच, चेहरा पांढराफटक, थंड घाम, नाडी मंद, आडवं करून पाय वर केले की दोन-चार मिनिटांत बरं. अंगावर काही उठत नाही.

ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी) : बहुधा पाच ते तीस मिनिटांत. अंग लाल, खाज, गांधी, आवाज घोगरा, खोकला-घरघर, पोटात मुरडा, उलटी. नाडी जलद. आडवं करून सुधारत नाही. मात्र दहा-वीस टक्के वेळा कातडीवर काहीच दिसत नाही, म्हणून नुसत्या गांधींची वाट बघत बसू नये.

निळीशाई

मग किती वेळ थांबायचं?

रानवारा

सर्वांनी १५ मिनिटं. पूर्वी कशानेही ॲनाफिलॅक्सिस झाला असेल तर ३० मिनिटं, आणि टोचणाऱ्याच्या नजरेसमोर. बाहेर गाडीत नव्हे, स्वच्छतागृहात नव्हे.

उपचार एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध स्नायूत ॲड्रिनॅलिन. १ मिलीत १ मिलिग्रॅमचं द्रावण, दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५. म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिली. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवं ठेवायचं, दम लागत असेल तर टेकून बसवायचं, पण एकदम उभं करायचं नाही. उभं केल्यावर हृदय बंद पडल्याच्या नोंदी आहेत. आधी सेट्रिझिन, मग स्टेरॉइड, मग बघू, ही क्रमवारी चुकीची आहे. बरं वाटल्यावरही काही तास रुग्णालयात, कारण लक्षणं परत उलटू शकतात.

आणि आकडा लक्षात असू द्या : सगळ्या लसी मिळून हे दर दहा लाख डोसांमागे साधारण एकदा घडतं.

चकोर

प्रतिक्रिया आलीच तर त्याच दिवशी दोन गोष्टी करून घ्या, नंतर त्या मिळत नाहीत. रक्तातलं ट्रिप्टेस (ॲलर्जीच्या वेळी पेशींतून बाहेर पडणारं विकर) : सुरुवात झाल्यापासून एक-दोन तासांत, उशिरात उशिरा चार तासांपर्यंत, आणि तुलनेसाठी पुन्हा २४ तास उलटल्यावर. पहिला आकडा नंतरच्या आकड्याच्या १.२ पट अधिक २ याहून मोठा असेल तर ॲनाफिलॅक्सिसला पुष्टी मिळते. दुसरं, लसीचं नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक यांचा फोटो.

पुढचा डोस बाकी असेल तर आधी प्रतिपिंडं मोजता येतात. हिपॅटायटिस बीचं पूर्ण वेळापत्रक झाल्यावर पातळी १० mIU/ml च्या वर असेल तर संरक्षण आहे असं धरतात. दोनच डोस झाले असतील तर तिसऱ्याचं काय करायचं ते ही पातळी बघून तज्ज्ञ ठरवतात.

सदाफुली

अवांतर, पण जीवनमरणाचं : कुत्रा चावल्यानंतरची रेबीजची लस कुठल्याही ॲलर्जीमुळे सोडायची नाही. कोंबडीच्या पेशींवरची नको असेल तर व्हेरो पेशींवरची (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) किंवा मानवी पेशींवरची लस, तीही देखरेखीखाली. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो. त्यापुढे ॲलर्जीचा धोका आवाक्यातला आहे.

धूमकेतू

आणि लसीनंतर ताप आला तर? ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन गटाची ॲलर्जी असलेल्यांची खरी गडबड तिथे होते. लस निर्धोक जाते आणि संध्याकाळी कुणीतरी हातावर आयब्युप्रोफेन ठेवतं. पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांपैकी काहींना पॅरासिटामॉलही एका वेळी १००० मिलिग्रॅमला त्रास देतं. त्यांनी ५०० वर थांबावं.

गुळवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येते. वरच्या प्रतिसादांवरून रकान्यात लिहायचा मजकूर असा तयार केला आहे, बघून सुधारणा सांगा :

'अमॉक्सिसिलिन. वय ६. गोळी घेतल्यावर तिसऱ्या दिवशी पुरळ, दम नाही, सूज नाही, रुग्णालयात जावं लागलं नाही.'

'मॅक्रोगॉल. वय ४१. आतडं साफ करायचं औषध घेतल्यावर १० मिनिटांत अंगभर गांधी, घसा आवळला, ॲड्रिनॅलिन द्यावं लागलं. तपासणी झालेली नाही.'

पहिला माणूस रांगेत उभा राहू शकतो, दुसऱ्याला आधी ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठवायचं. दोघांनी नुसतं 'होय' लिहिलं असतं तर फरक कळला नसता.

कोरा_कागद

छान झालं आहे. एक ओळ वाढवा : 'यानंतर काय चाललं'. उदाहरणार्थ 'त्यानंतर फ्लूची लस दोनदा घेतली, त्रास नाही', सोबत कंपनीचं नाव. तज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारतात, आणि नेमकं तेच कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

मात्रा

आणि 'तपासणी झालेली नाही' हे शब्द तसेच ठेवा. ते नसतील तर पुढचा माणूस अंदाजालाच निदान समजून चालतो.